माळ्यावरचा पंखा खाली आला: जुन्या स्टँडच्या पंख्याची डागडुजी आणि नवं वायरिंग

२२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणला मावशीच्या घरातलं तळमजल्यावरचं सगळं गेलं. फ्रीज, वॉशिंग मशिन, गाद्या, कपाटातल्या साड्या, सगळं वाशिष्ठीच्या चिखलात. वाचलं ते माळ्यावर होतं तेवढंच. त्यात एका पिंपात भरलेली पितळी भांडी होती आणि गोणपाटात गुंडाळलेला एक स्टँडचा पंखा. काकांनी नोकरीला लागल्यावर घेतलेला. सोळा इंची, चार धातूची पाती, हिरवा हॅमरटोन रंग, बिडाचं गोल बूड. घर धुऊन झाल्यावर तो खाली काढला, तेव्हा मावशी म्हणाली, "अगो, ठेवला तेव्हा चालत होता तो. लाव की पिनेत."

मी लावला नाही. आधी त्याची वायर दोन बोटांत धरून हलकेच वाकवली. वर सुती विणीचं वेष्टण शाबूत होतं, पण आतून काळा चुरा गळायला लागला. तो रबराचा चुरा होता. वेष्टण चाकूनं उभं कापलं तर दोन्ही तारा जवळजवळ उघड्या पडल्या होत्या, हिरवट-काळ्या झालेल्या. मध्ये सुताचे चार धागे होते म्हणून त्या एकमेकींना टेकल्या नव्हत्या, एवढंच.

जुन्या पंख्याचं बीड, तांबं, पितळ पन्नास-साठ वर्षं सहज टिकतं. वायरीवरचं रबर टिकत नाही. म्हणून मी एक नियम पाळते: धातूचा भाग वाचवता येईल तितका वाचवायचा, वायर मात्र एक इंचही वाचवायची नाही. पुढचं सगळं या नियमावर उभं आहे.

हे काम पाना, पेचकस आणि सोल्डरिंग आयर्न नीट हातात धरता येणाऱ्या कुणालाही जमण्यासारखं आहे. पहिल्यांदाच करत असाल, तर वीज जोडण्याआधी जाणत्या वायरमनला एकदा दाखवा. त्यात कमीपणा नाही.

आधी पंखा वाचा

पिन सॉकेटपासून लांब ठेवा आणि मोटरच्या मागची किंवा बुडावरची पाटी ओल्या फडक्यानं पुसा. त्यावर व्होल्टेज असतं, साधारण २२० ते २३०. 'ए.सी.' लिहिलंय का ते नक्की बघा. मोटरच्या दोन्ही बाजूंना स्क्रूची टोपणं असतील आणि आत कार्बनचे ब्रश असतील, तर तो वेगळ्या जातीचा पंखा आहे. अशी मोटर डी.सी.ची किंवा दोन्हींवर चालणारी असू शकते. हा लेख त्याच्यासाठी नाही.

पाटीवरून वयाचाही अंदाज येतो. 'हर्ट्झ'ऐवजी 'सायकल्स' आणि मिलिमीटरऐवजी इंच असतील तर पंखा जुन्या वळणाचा. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ला झाला आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत गेला. 'क्रॉम्प्टन पार्किन्सन' असं नाव असेल तर तो बहुधा १९६६च्या आधीचा, कारण त्या वर्षी कंपनी 'क्रॉम्प्टन ग्रीव्हज' झाली.

आता पाती हातानं फिरवा. सुटून सावकाश थांबली तर बुश, म्हणजे शाफ्ट (मोटरचा आस) ज्यात फिरतो ती नळी, ठीक. एकदम अडकून थांबली तर तेल वाळून राळ झालंय, ते सुटतं. शाफ्टचं टोक धरून वर-खाली हलवा. टक्-टक् असा स्पष्ट खेळ जाणवला तर बुश झिजलंय, खराद्याकडे (लेथवाल्याकडे) जावं लागेल. मोटरपाशी नाक नेऊन वास घ्या. जळलेल्या वार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही, आणि तो आला तर रिवाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधली तांब्याची तार नव्यानं गुंडाळण्याचा, खर्च धरून चाला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात पंखा विकत घेणाऱ्यांनी या तीन गोष्टी तिथेच उभ्या-उभ्या बघाव्यात. रंग आणि चकाकी शेवटी.

"जरा लावून बघू, चालतो का" हा मोह सगळ्यांनाच होतो. अशा पंख्यात वायर शॉर्ट होऊ शकते, बॉडीत करंट उतरू शकतो. आणि अडकलेला रोटर (मोटरचा फिरणारा भाग) न फिरता गुणगुणत राहिला, तर तोवर चांगलं असलेलं वाइंडिंग काही मिनिटांत जळतं. त्यामुळे वीज अगदी शेवटी.

उघडताना

पुढची जाळी, पाती, मागची जाळी, मागचं गियरचं झाकण, मग मोटर, असा क्रम. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. वायरींच्या बाबतीत फोटोवर विसंबू नका. जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात, फोटोत सगळ्या तपकिरीच दिसतात. कागदावर आकृती काढा, आणि प्रत्येक वायरीला कागदी टेप लावून नंबर लिहा, मगच तोडा.

जुनी धातूची पाती शाफ्टवर बहुधा ग्रब स्क्रूनं, म्हणजे बिनडोक्याच्या बारीक स्क्रूनं, आवळलेली असतात. हा स्क्रू गंजून बसलेला असतो आणि त्याची खाच मऊ. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर पाच मिनिटं टेकवा, मग खाचेत घट्ट बसणारा पेचकस लावा. माझा स्क्रू तिसऱ्या दिवशी सुटला. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारू नका. शाफ्ट केसाएवढा वाकला तरी पंखा जन्मभर थरथरतो. नंतरच्या काळातल्या पंख्यांत पाती पुढच्या टोपीच्या नटानं धरलेली असतात आणि त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर सुटणारे. जोर लावण्याआधी ते तपासा.

मोटर उघडल्यावर शाफ्टवर दोन्ही बाजूंना फायबरचे पातळ वॉशर दिसतील. कुठल्या बाजूला किती, कोणत्या क्रमानं, हे लिहून ठेवा. रोटर स्टेटरच्या, म्हणजे भोवतीच्या स्थिर भागाच्या, बरोबर मध्ये बसावा म्हणून ते घातलेले असतात. एक वॉशर या बाजूचा त्या बाजूला गेला की रोटर चुंबकीय मध्यापासून सरकतो आणि पंखा सतत घूं-घूं करतो. मग लोक बुश बदलतात, कंडेन्सर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) बदलतात, आवाज काही जात नाही.

वाइंडिंग: मापल्याशिवाय निकाल नाही

साध्या पंख्याच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. दोघींचं एकेक टोक जोडून कॉमन केलेलं, म्हणून बाहेर तीन वायरी. वेगासाठी वाइंडिंगमधूनच टॅप (मधले जोड) काढलेले असतील तर वायरी जास्त असतात, तिथे तुमची आकृतीच खरी. तीन वायरींच्या मोटरमध्ये मल्टिमीटर ओहमवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा. माझ्या पंख्यात १९०, २६० आणि ४५० आले. सर्वांत मोठा आकडा इतर दोघांच्या बेरजेएवढा यायला हवा, कारण तिथे दोन्ही वाइंडिंग मीटरला एकामागे एक दिसतात. म्हणजे ४५०च्या जोडीत जी वायर नाही, ती कॉमन. उरलेल्या दोनांत रनिंग कोणती आणि स्टार्टिंग कोणती, हे पंख्यात नुसत्या ओहमवरून ठामपणे सांगता येत नाही. ते आकृतीवरूनच ठरवा. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय. ती बहुतेकदा वाइंडिंगच्या पोटात नसून लीडच्या, म्हणजे बाहेर येणाऱ्या वायरीच्या, जोडापाशी तुटलेली असते, तेव्हा आधी तिथे शोधा.

दुसरी तपासणी इन्सुलेशनची. मल्टिमीटर इथे कामाचा नाही, ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लागतो. तो विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे असतोच. एक टोक वाइंडिंगला, दुसरं मोटरच्या उघड्या धातूला लावायचं. दोन मेगाओमच्या वर आलं तरच पुढे जा. चांगली मोटर वीस, पन्नास, शंभरही दाखवते.

माझ्या मोटरनं अर्ध्या मेगाओमच्या थोडं वर दाखवलं. दुकानातला मुलगा लगेच म्हणाला, "ताई, रिवाइंड करून टाका." पण वास जळका नव्हता आणि ओहम बरोबर होते. कोकणातली हवा, त्यात पुरानंतरचे ओले महिने, म्हणजे वाइंडिंगनं दमटपणा ओढलाय असं मला वाटलं. स्टेटर घरी आणला. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात फरशीच्या तुकड्यावर ठेवला, वरच्या बाजूला दोन भोकं पाडली आणि साठ वॉटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब कशालाही टेकणार नाही असा आत टांगला. घरात कुणी जागं असेल तेवढाच वेळ तो लावायचा. पहिल्या संध्याकाळी गरम असतानाच मोजलं तर आकडा आणखी खाली गेलेला. घाबरून जायचं नाही, तापलेल्या इन्सुलेशनचा रोध कमी दिसतोच. पूर्ण गार झाल्यावर मोजायचं. दोन दिवसांनी सात मेगाओम, चौथ्या दिवशी बावीस. मग हवेत वाळणाऱ्या इन्सुलेटिंग वार्निशचा एक पातळ हात दिला. मूळ वाइंडिंग वाचलं.

वाइंडिंग खरंच जळलं असेल तर रिवाइंडिंगला देताना दोन गोष्टी सांगा. जुने वेढे मोजून आणि तारेचा गेज मापून तेवढंच भरायचं. आणि जुनी तार काढायला स्टेटर जाळायचा नाही. भट्टीत किंवा ब्लोलॅम्पनं जाळला की लोखंडी पत्र्यांमधलं पातळ इन्सुलेशन जातं आणि नवी तार भरूनही मोटर तापत राहते.

वाइंडिंगच्या बाहेर येणाऱ्या लीड हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यांच्यावरही तेच जुनं रबर असतं. वाइंडिंगची दोरी अलगद सोडवून जोडापर्यंत पोचा. नवी लवचीक, उष्णता सोसणारी वायर सोल्डर करा, जोडावर फायबरग्लासची स्लीव्ह चढवा, आणि दोरीनं परत वेढ्यांना बांधा. वाइंडिंगची एनॅमल चढवलेली तार जोडण्याआधी टोक बारीक पॉलिशपेपरनं तांबं चमकेपर्यंत घासावं लागतं, नाहीतर सोल्डर वर बसल्यासारखं दिसतं पण आत जोड होत नाही. काढायची लीड एका वेळी एकच.

बुश, नमदा आणि तेल

जुन्या पंख्यात बॉलबेअरिंग क्वचित. बहुतेकांत पितळी दिसणारी बुश असते आणि तिच्याभोवती तेल धरून ठेवणारा लोकरी नमदा. माझ्या पंख्यातला नमदा वाळून पापडासारखा कडक झाला होता, बोटानं दाबला तर मोडला. असा नमदा तेल पीत नाही आणि शाफ्टला देतही नाही. नवा लोकरी फेल्ट हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळतो. सिंथेटिक घेऊ नका. कापून, तेलात रात्रभर भिजवून, हलकं पिळून बसवा.

बुश सच्छिद्र जातीची असेल, म्हणजे धातूच्या भुकटीपासून दाबून केलेली आणि स्वतःच्या अंगात तेल धरणारी, तर ती रॉकेलात किंवा थिनरमध्ये बुडवू नका. अंगातलं तेल निघून जातं. फडक्यानं पुसा आणि कोमट तेलात काही तास ठेवा. शाफ्टवरची वाळलेली राळ मात्र रॉकेलानं पुसून काढा, पॉलिशपेपर लावू नका. झिजलेली बुश खराद्याकडून फॉस्फर ब्राँझमध्ये करून घेता येते, त्यासाठी शाफ्ट सोबत न्या. बुश शाफ्टला बसवायची असते, जुन्या बुशच्या मापाला नाही.

तेल पातळ, यंत्राचं. शिलाई मशिनचं चालतं, वीस नंबरचं साधं मोटरतेल त्याहून बरं. खोबरेल कधीही नाही. आपल्याकडे पंख्यात खोबरेल सोडायची सवय घरोघरी आहे. ते थंडीत गोठतं आणि काही वर्षांत चिकट होऊन बसतं. मी उघडलेल्या बहुतेक अडकलेल्या पंख्यांत ती पिवळी राळ खोबरेलाचीच होती. गंज सोडवायचा स्प्रेही बुशमध्ये नको. तो तेलाचं काम करत नाही, उलट असलेलं तेल धुऊन नेतो.

मोटर परत जोडताना चारही लांब स्क्रू थोडे-थोडे, समोरासमोरचे आवळा आणि दर वेळी शाफ्ट फिरवून बघा. शेवटी जड लागला तर लाकडी ठोकणीनं बॉडीवर चहूबाजूंनी हलके टोले द्या. गोलाईच्या बैठकीतली बुश आपोआप सरळ होते आणि शाफ्ट एकदम मोकळा फिरू लागतो. तो क्षण हाताला कळतो.

मान फिरवणाऱ्या गियरबद्दल थोडक्यात. शाफ्टच्या मागच्या टोकावर मळसूत्रासारखा वर्म असतो, तो फायबरच्या चाकाला फिरवतो. झाकणातलं जुनं, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस काडीनं खरवडून काढा, रॉकेलानं पुसा, लिथियम ग्रीस अर्ध्यापर्यंतच भरा. गच्च भरलं तर ते तापून वाइंडिंगकडे सरकतं. फायबरच्या चाकाचे दात झिजले असतील आणि दुसरं मिळत नसेल, तर खुंटी वर ओढून पंखा स्थिर चालवा. त्यापायी पंखा भंगारात घालू नका.

वायरिंग

माझ्या पंख्याचा रेग्युलेटर बुडात आहे, चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेल्या रेझिस्टन्स तारेचा. कंडेन्सरही तिथेच. त्यामुळे भिंतीपासून बुडापर्यंत एक केबल, आणि बुडापासून दांड्यातून वर मोटरपर्यंत दुसरी.

पहिली: तीन कोअरची गोल लवचीक तांब्याची केबल, ०.७५ चौरस मिमी, आय.एस. ६९४चा शिक्का असलेली, टोकाला सहा अँपिअरचा थ्री-पिन टॉप. दुसरी: चार कोअरची, तेवढ्याच जाडीची. तीन वायरी मोटरला, चौथी अर्थ. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत दोन्ही मिळतात. सुती विणीचं वेष्टण असलेली नवी केबलही मिळते. आतली वायर आजची पीव्हीसीची असेल तर जुन्या रूपासाठी ती वापरायला हरकत नाही.

जोडणी अशी. फेज आधी रेग्युलेटरच्या स्विचवर, तिथून रेझिस्टन्सच्या टॅपवरून मोटरच्या कॉमनला. न्यूट्रल थेट रनिंगच्या मोकळ्या टोकाला. कंडेन्सर रनिंगचं मोकळं टोक आणि स्टार्टिंगचं मोकळं टोक यांच्या मध्ये. स्विच फेजवरच हवा. न्यूट्रलवर बसला तर पंखा बंद दिसतो, पण वाइंडिंगमध्ये वीज उभी असते. नव्या केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जुन्या घरांत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. पंखा उलटा फिरला तर कंडेन्सरचं टोक चुकीच्या वाइंडिंगला गेलंय. लगेच बंद करा आणि आकृती परत बघा.

कंडेन्सर नवाच घ्या. जुन्यावर चार मायक्रोफॅरड लिहिलं होतं, मोजला तर तीनही भरत नव्हता. म्हणूनच असे पंखे हातानं ढकलल्याशिवाय सुरू होत नाहीत. जुन्यावर किंवा पाटीवर जो आकडा असेल तोच घ्या, ४४० व्होल्ट ए.सी.चा, मोटरवर कायम राहणाऱ्या प्रकारचा. वेग वाढेल म्हणून मोठा घालू नका, स्टार्टिंग वाइंडिंग तापतं. जुना कंडेन्सर धातूच्या डब्यातला तेलाचा असेल तर तो फोडू नका, आणि गळत असेल तर उघड्या हातानं धरू नका. त्या काळच्या अशा तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनं असू शकतात. पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या.

रेझिस्टन्सचा रेग्युलेटर कमी वेगाला तापतो. त्याच्या जवळून जाणाऱ्या वायरींवर फायबरग्लासची स्लीव्ह घाला आणि बुडाची हवेची भोकं रंगानं बुजू देऊ नका. आत पांढरी, कापसासारखी तंतुमय पट्टी दिसली तर ती ॲसबेस्टॉसची असू शकते. ती कोरडी खरवडू नका. ओली करा, तशीच उचला, पिशवीत बंद करा.

वायर जिथून बुडात शिरते तिथे रबरी ग्रोमेट, आणि आत केबल पकडणारा क्लॅम्प. नुसती गाठ मारून भागवू नका. वर, मानेपाशी केबलला सैल वळसा ठेवा. पंखा मिनिटातून कित्येकदा मान वळवतो, ताणलेली केबल तिथेच तुटते. मान पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, वर, खाली करून वळसा कुठे घासत नाही ना ते बघा. दांड्याची उंची वाढवता येत असेल तर तीही पूर्ण वर करून बघा.

आता अर्थिंग. हा पंखा डोक्यापासून पायापर्यंत धातूचा आहे आणि आपण तो अनवाणी, पुसलेल्या ओल्या फरशीवर उभं राहून सरकवतो. शिकत असताना पुण्यात भाड्याच्या खोलीत माझ्याकडे असाच एक दुरुस्त करून आणलेला पंखा होता. फरशी पुसताना त्याच्या दांड्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झटका बसला. टॉप उघडला तर हिरवी वायर कापून आत दुमडून ठेवलेली. दुरुस्त करणाऱ्याला ती नको असलेली वायर वाटली होती. ती वायर जागेवर असती तर फ्यूज गेला असता आणि मला काहीच कळलं नसतं. तेव्हापासून मी दुसऱ्याकडून आलेला कुठलाही पंखा टॉप उघडून बघितल्याशिवाय लावत नाही.

अर्थची वायर बुडाला स्क्रूनं जोडली की काम संपत नाही. बूड, दांडा, मान, मोटर यांच्या सांध्यांत रंग असतो, ग्रीस असतं. धातू धातूला टेकतोय असं दिसलं तरी वीज वाहीलच असं नाही. म्हणून चौथ्या कोअरनं अर्थ थेट मोटरच्या बॉडीपर्यंत न्यायची. दोन्ही ठिकाणी रंग खरवडून उघडा धातू करायचा, गोल लग (वायरीच्या टोकाचं कडं), दातेरी वॉशर, नट. मग मल्टिमीटरनं टॉपच्या मोठ्या पिनेपासून मोटरची बॉडी, बूड, दांडा, जाळी, प्रत्येक ठिकाण मोजा. प्रोबचा स्वतःचा रोध वजा करून अर्ध्या ओहमच्या आत हवं. जाळी त्यात बसत नसेल तर जाळीच्या स्क्रूखालचाही रंग खरवडा.

पहिली वीज

सगळं जोडून झाल्यावर परत एकदा मेगर. टॉपच्या फेज आणि न्यूट्रल पिना एकत्र धरून, अर्थ पिनेच्या विरुद्ध, रेग्युलेटर चालू ठेवून. आकडा चांगला आला तर सिरीज बोर्ड, म्हणजे शंभर वॉटचा पिवळा बल्ब फेजच्या वाटेत. पाती लावलेली नकोत. बल्ब पूर्ण प्रखर पेटला तर शॉर्ट आहे, बंद करा. पेटलाच नाही तर कुठेतरी जोड सुटलाय. मंद लालसर उजळला आणि शाफ्ट हळूच फिरू लागला, तर बरोबर आहे.

माझा बल्ब लालसर उजळला, शाफ्टनं एक आचका दिला आणि फिरायला लागला. मावशी दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला.

त्यानंतर पाती आणि जाळी लावून थेट विजेवर, शक्यतो ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर. पहिला तास समोर बसून राहा. अशी मोटर चार पोलची असते, पूर्ण वेगाला मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेते आणि ऊबदार होतेच. तळहात निवांत टेकवता आला पाहिजे. चटका बसत असेल, वास येत असेल, तर थांबवा आणि बुश, कंडेन्सर परत बघा. स्क्रू-ड्रायव्हरचा टेस्टर बॉडीला लावून "पेटत नाही, म्हणजे ठीक" असं ठरवू नका. खात्री मेगरनं आणि अर्थच्या मापानंच होते.

रंग, पाती, जाळी

रंग वायरिंगच्या आधी करायचा, मी लिहिताना मागे ठेवला कारण तो सोपा आहे. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, हा पंखा त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणपेपर, पाणी, मास्क, आणि मुलांना लांब. मूळ हॅमरटोन बऱ्यापैकी असेल तर नुसता साबणपाण्यानं धुऊन मेणाचं पॉलिश द्या, मी तेच केलं. पावडर कोटिंगला भट्टीत १८० अंशांच्या वर तापवतात, तिथे फक्त सुटे भाग द्या, वाइंडिंग असलेली बॉडी नाही. अर्थच्या जागा टेपनं झाकून मगच रंग.

पितळी पाती असतील तर चिंच आणि मीठ. क्रोमच्या दांड्यावरचे गंजाचे ठिपके पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्यानं निघतात. पाती सरळ करायला अंदाजानं वाकवू नका. जाळीपाशी एक काडी स्थिर धरा, पाती हातानं फिरवून चारही टोकं काडीपासून सारख्या अंतरावर जातात का बघा, आणि फरक दिसला तरच त्या एका पात्याला हात लावा.

त्या काळच्या जाळ्यांच्या सळ्यांमधून लहान मुलाचा अख्खा पंजा आत जातो. घरात रांगतं मूल असेल तर वरून बारीक तारेची जाळी बांधा, किंवा पंखा चालू असताना तिथे मोठं माणूस हवं. मावशीकडे नातू येतो, म्हणून मी जाळी बांधून दिली. दिसायला ती तितकी छान नाही.

बुडाचं झाकण लावण्याआधी आत एक कागद चिकटवा: कोणती वायर कुठे, कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा, मेगर किती आला, तेल कोणतं घातलं, तारीख. काकांच्या पंख्याच्या बुडात मला पेन्सिलीनं काढलेली छोटी आकृती सापडली होती. तीन रेघा, तीन अक्षरं, अर्धी पुसलेली. कुणी काढली ते मावशीलाही आठवत नाही. रनिंग कोणती आणि स्टार्टिंग कोणती, ते मी त्यावरूनच पक्कं केलं. माझा कागद तिच्या शेजारीच लावलाय.